औषध चालूं असतां येणारा थकवा

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं इयत्ता नववीच्या वर्गांतील एक मुलगा वारंवार उशिरा येऊं लागला. कधीं गृहपाठ अपुरा, कधीं गणवेश चुरगळलेला, कधीं मधल्या सुट्टींत डबाच नाहीं. एके दिवशीं व्याकरणाच्या तासास तो बाकावर डोकें टेकून झोंपी गेला, तेव्हां मीं त्यास सर्व वर्गासमक्ष उभें केलें आणि आळसाविषयीं चार कडक शब्द सुनावले. त्यानें कांहींच उत्तर दिलें नाहीं. शाळा सुटल्यावर मात्र तो शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभा राहिला व म्हणाला, "सर, एक विचारूं कां? औषधानें माणूस बरा होतो ना? मग माझ्या आईला दर सुईनंतर जास्तच कां होतें?"

त्याच्या आईस स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया पार पडली होती व आतां दर तीन आठवड्यांनीं शिरेंतून औषध देण्याचा क्रम चालूं होता. वडील कारखान्यांत पाळीनें कामास जाणारे. पहाटे उठून भात चढविणें, पाणी उकळून गाळून ठेवणें, धाकट्या बहिणीची वेणी घालणें आणि मग शाळा, असा त्या मुलाचा दिवस होता, आणि मीं त्यास आळशी म्हटलें होतें.

मी भाषा शिकविणारा मनुष्य. त्या दिवशीं त्याच्या प्रश्नाचें उत्तर मला देतां आलें नाहीं. पुढें डॉक्टरांस विचारलें, परिचारिकांस विचारलें, ग्रंथ चाळले, आणि सर्वांत अधिक त्या माउलीकडूनच शिकलों. तिच्या अनुमतीनें तें येथें लिहीत आहें. आपल्या शाळेंतील अनेक घरांत हा रोग येऊन गेला आहे हें मला नंतर कळलें. मुलें हें वर्गांत सांगत नाहींत.

प्रथम हें औषध आहे तरी काय तें पाहूं. त्यास इंग्रजी नांवावरून केमोथेरपी म्हणतात. आपण रसायनोपचार म्हणूं. त्याचा उगम ऐकून वाचकांस नवल वाटेल. पहिल्या महायुद्धांत १९१७ सालीं ईपर येथील रणांगणावर मोहरी-वायु नांवाचें विष प्रथम वापरण्यांत आलें. त्यानें मेलेल्या सैनिकांची तपासणी करतांना वैद्यांस असें दिसलें कीं, त्यांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहींशा झाल्या आहेत. ज्या विषानें पांढऱ्या पेशी मरतात तें पांढऱ्या पेशींच्याच कर्करोगावर कां चालवूं नये, या विचारानें अमेरिकेंतील येल विद्यापीठांत १९४२ सालीं त्याच जातीचें एक द्रव्य रोग्यास देऊन पाहिलें गेलें, आणि गाठी कांहीं काळ वितळल्या. पुढें १९४७-४८ मध्यें बोस्टन येथें सिडनी फार्बर यांनीं रक्ताच्या कर्करोगानें आजारी असलेल्या मुलांस अमायनोप्टेरिन हें औषध दिलें. तें ज्यांच्या मार्गदर्शनाखालीं सिद्ध झालें ते यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आपल्या आंध्र प्रांतांतील भीमवरमचे. अमेरिकेच्या प्रयोगशाळेंत आयुष्य वेंचून ते १९४८ सालीं निवर्तले, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचें नांव क्वचितच आढळतें. आणखी एक गोष्ट मुलांनीं घरीं जाऊन पडताळून पाहावी. अंगणांत बारमाही फुलणारी जी सदाफुली, तिच्यापासूनच व्हिंक्रिस्टिन व व्हिन्ब्लास्टिन हीं दोन औषधें निघालीं आहेत. मात्र म्हणून कोणी सदाफुलीचीं पानें चावूं नयेत. त्यांत विष आहे, आणि मात्रा मोजल्यावांचून विषाचें औषध होत नाहीं.

आतां मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. कर्करोगाच्या पेशी आवरल्याविना वाढत सुटतात. एकीच्या दोन, दोहोंच्या चार. रसायनोपचाराचीं बहुतेक जुनीं औषधें पेशीस वाढतांना, म्हणजे दुभंगतांना, गांठून मारतात. परंतु शत्रु कोण व मित्र कोण हें त्यांस कळत नाहीं; त्यांस एवढीच खूण ठाऊक, कीं ही पेशी दुभंगत आहे. आपल्या निरोगी शरीरांतही कांहीं ठिकाणीं रात्रंदिवस असेंच काम चाललेलें असतें. हाडांतील मगजांत रक्त तयार होतें. तोंडाचें व आंतड्याचें आंतील अस्तर थोड्या थोड्या दिवसांनीं नवें होत असतें. केसांचीं मुळें सदैव वाढींत असतात. औषध तेथेंही जाऊन पोंचतें. म्हणून रक्त घटतें, तोंड येतें, पोट बिघडतें, केस गळतात. "दर सुईनंतर जास्त होतें" याचें कारण हें, आणि तें बहुधा रोगाच्या वाढीमुळें नव्हे.

दोन सुयांमध्यें दोन किंवा तीन आठवड्यांचें अंतर ठेवण्याचें मर्मही येथेंच आहे. निरोगी मगज मार खाऊनही या अवधींत सांवरतो. कर्करोगाच्या पेशींस तितकें चटकन सांवरतां येत नाहीं. अशा रीतीनें घाव आणि विसांवा यांची पाळी चालते. म्हणून "या खेपेस अंगांत त्राण नाहीं, एक महिना टाळूं" असा निश्चय घरच्यांनीं आपल्या मनानें करणें धोक्याचें आहे. पाळी पुढें ढकलणें किंवा मात्रा कमी करणें कधीं कधीं अवश्य असतें. पण तें रक्ताची तपासणी पाहून डॉक्टरांनीं ठरवावयाचें. दोन सुयांनंतर त्रासाला भिऊन उपचार सोडून देणारीं आणि वर्षानें रोग पसरल्यावर परत येणारीं माणसें परिचारिकांस वारंवार भेटतात. याच्या उलट अशीही एक समजूत आहे कीं, जितका त्रास अधिक तितका गुण अधिक. तीही खरी नव्हे. ज्यास फारसा त्रास होत नाहीं त्याचें औषध वायां जात आहे असें मानूं नये, आणि त्रास मुकाट्यानें सोसणें हें पुण्यही समजूं नये. जो त्रास सांगितला जातो त्यावरच उपाय होतो.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे ओकारी. पूर्वींच्या काळीं कांहीं औषधांनीं रोगी दिवसभर ओकत राही, आणि केमो म्हटली कीं लोकांच्या डोळ्यांपुढें तेंच चित्र उभें राही. १९९० च्या सुमारास ऑन्डान्सेट्रॉन आदि औषधें प्रचारांत आलीं आणि ही स्थिति पुष्कळ पालटली. आंतड्यांतून मेंदूस जाणारा ओकारीचा निरोप हीं औषधें वाटेंतच अडवितात. मात्र तीं ओकारी सुरू होण्यापूर्वीं घ्यावयाचीं असतात. मळमळ नाहीं म्हणून गोळी न घेणें ही चूक त्या मुलाच्या घरीं पहिल्या खेपेस झाली, आणि रात्रभर सर्वजण जागे राहिले. दुसऱ्या खेपेस मुलानें चिठ्ठी लिहून ती भिंतीवर डकविली : कोणती गोळी, किती वाजतां, किती दिवस. या गोळ्यांनीं बद्धकोष्ठ होतें, तेंही डॉक्टरांच्या कानांवर घालावें.

जेवणाविषयीं एवढेंच सांगतों कीं, पोट भरून दोन वेळां जेवण्याऐवजीं थोडें थोडें सहा वेळां खावें. फोडणीचा वास कित्येकांस सहन होत नाहीं. त्या आठवड्यांत मऊ भात, वरण, खिमट, पेज, उकडलेलें अंडें, इडली असें सौम्य अन्न बरें. जिभेस लोखंडासारखी चव येत असेल तर स्टीलचा चमचा दूर ठेवून लांकडाचा किंवा प्लास्टिकचा घ्यावा. उपाय क्षुल्लक दिसतो, पण त्या घरीं तो उपयोगी पडला. पाणी उकळलेलें असावें. कच्ची कोशिंबीर, मोड आलेलीं कच्चीं कडधान्यें, रस्त्यावरचा उसाचा रस, उघडीं कापून ठेवलेलीं फळें, पाणीपुरी हीं सर्व उपचार संपेपर्यंत वर्ज्य. शेजारच्या गांवचा अमुक काढा, तमुक भस्म, गोमूत्राचा अर्क, हळदीच्या वड्या असे सल्ले देणारे दाराशीं रोज येतात. त्यांचा हेतु चांगला असतो यांत शंका नाहीं. परंतु औषधाचें पचन ज्या यकृतांत व्हावयाचें त्याच यकृतावर हीं द्रव्यें भार घालतात. डॉक्टरांस विचारल्यावांचून यांतील कांहींही घेऊं नये.

आतां जी गोष्ट सांगणार आहें ती प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवावी, कारण तेथें प्राणाचा प्रश्न आहे. रक्तांतील पांढऱ्या पेशी ह्या आपल्या शरीराचे पहारेकरी होत. औषधानंतर साधारणपणें सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान त्यांची संख्या अगदीं खालीं जाते. पहारेकरीच नसल्यामुळें जंतु आंत शिरले तरी गलका होत नाहीं. गळूं पिकत नाहीं, खोकला येत नाहीं. पुष्कळदां ताप एवढीच एक खूण असते. म्हणून घरांत तापमापक यंत्र असलेंच पाहिजे. ताप १०० अंश चार दशांश फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक भरला, अथवा थंडी वाजून अंग कांपूं लागलें, तर मध्यरात्र असो वा सण असो, तत्काळ रुग्णालयास कळवून निघावें. सकाळपर्यंत वाट पाहूं नये. डॉक्टरांस विचारण्यापूर्वीं ताप उतरविण्याची गोळी देऊं नये. तिनें ताप झांकला जातो, जंतु मरत नाहींत. वेळेवर शिरेंतून जंतुनाशक औषध मिळाल्यास रोगी बहुधा सांवरतो; उशीर झाल्यास कांहीं तासांत हातचा जातो.

त्या मुलानें चौथ्या सुईनंतर दहाव्या दिवशीं आईच्या कपाळास हात लावला व यंत्र लावून पाहिलें, तेव्हां आंकडा १०१ होता. वडील रात्रपाळीस गेलेले. आई म्हणाली, "अरे, सकाळीं पाहूं, बाबांना उगाच कशाला त्रास?" मुलानें ऐकलें नाहीं. शेजारच्या काकांना उठविलें, रिक्षा आणविली. पुढें पांच दिवस ती रुग्णालयांत होती. डॉक्टरांनीं मुलास विचारलें, हें तुला कोणीं शिकविलें? तो म्हणाला, फायलीच्या पहिल्या पानावर छापलेलें होतें. आम्ही मोठीं माणसें तें पान वाचीत नाहीं.

तोंड येणें, हाही त्रास पुष्कळांस होतो. पेलाभर कोमट पाण्यांत पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसांतून चार-पांच वेळां गुळण्या कराव्या, मऊ केसांचा ब्रश वापरावा, तिखट व आंबट टाळावें. कांहीं औषधें देतांना तोंडांत बर्फाचे खडे धरावयास सांगतात. परंतु ऑक्झालिप्लॅटिन नांवाच्या औषधावर असतांना थंड वस्तूचा स्पर्शही बाधतो, तेव्हां हें विचारूनच करावें. हातापायांस मुंग्या येऊं लागल्या, गुंड्या लावतां येईनात, तर तेंही सांगावें. मुंग्या म्हणजे अशक्तपणा असें समजून गप्प बसूं नये.

केसांविषयीं थोडेंसें. ते दोन-तीन आठवड्यांत गळूं लागतात आणि औषध संपल्यावर कांहीं महिन्यांत बहुधा पुन्हा येतात. हें सांगणें सोपें आहे. परंतु न्हाणीघरांत पाणी तुंबलें म्हणून पाहावयास गेलेल्या मुलाच्या हातीं आईचे केस येतात तेव्हां या शास्त्रार्थाचा उपयोग होत नाहीं. कित्येक स्त्रिया आधींच केस बारीक कापवून घेतात, तें बरें. लहान मुलांना मात्र आधीं सांगून ठेवावें. त्या घरची धाकटी बहीण दोन दिवस आईजवळ गेली नाहीं, ती घृणेनें नव्हे, घाबरून.

येथवर ज्या त्रासांविषयीं लिहिलें ते डोळ्यांस दिसतात. ज्यासाठीं हा लेख मुख्यतः लिहिला तो त्रास दिसत नाहीं, मोजतां येत नाहीं, आणि त्यावर कोणी विश्वासही ठेवीत नाहीं. तो म्हणजे थकवा. रसायनोपचार घेणाऱ्यांत हा सर्वांत अधिक लोकांस होतो. आपण दिवसभर शेतांत राबलों, मैदानावर खेळलों, तर थकतों. रात्रीं झोंपलों कीं सकाळीं ताजेतवाने होतों. हा थकवा तसा नव्हे. तो झोंपून जात नाहीं. त्या बाईंनीं मला सांगितलें, "सर, सकाळीं डोळे उघडतांच असें वाटतें कीं रात्रभर कोणीतरी माझ्याकडून दळण दळून घेतलें. दांत घासले कीं पुन्हा निजावेंसें वाटतें. लोक म्हणतात, बसूनच तर असतेस!" हें शेवटचें वाक्य उच्चारतांना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें. केस गळले तेव्हां आलें नव्हतें, असें त्या म्हणाल्या.

या थकव्यास एकच कारण नसतें. तांबड्या पेशी कमी झाल्या म्हणजे अंगास प्राणवायु कमी पोंचतो. अन्न पोटांत जात नाहीं. वेदनेनें, चिंतेनें, ओकारीसाठीं दिलेल्या कांहीं औषधांनीं झोंप उडते. कित्येकदां मनाची उदासी हीच थकव्याचें रूप घेऊन येते. कंठांतील थायरॉईड ग्रंथि मंद झाल्यानेंही असें होतें. यांपैकीं पुष्कळ कारणांवर इलाज आहे. म्हणून थकवा हा "असायचाच" असें म्हणून सोडून न देतां तो डॉक्टरांस सांगावा, आणि शक्य तर अंकांत सांगावा : शून्य म्हणजे मुळींच नाहीं, दहा म्हणजे अंथरुणांतून उठवत नाहीं. मुलानें वहींत रोजचा आंकडा मांडला. तीन आठवड्यांच्या नोंदींवरून त्यांच्या घरीं असें दिसून आलें कीं, सुईनंतर तिसरा ते सहावा हे दिवस सर्वांत वाईट, आणि तिसरा आठवडा बराच सुसह्य. मग वाण्याचा हिशेब, बँकेचें काम, माहेरची भेट हीं सर्व तिसऱ्या आठवड्यांत ठेवूं लागलीं.

पुढें त्या बाईंनीं जें केलें तें मला फार आवडलें. त्यांच्या आजीच्या तोंडीं आण्यांचा हिशेब असे. त्यांनीं ठरविलें, देव मला रोज सकाळीं सोळा आणे देतो. जास्त देत नाहीं, उसनेंही मिळत नाहीं. मग खर्च मांडला. आंघोळ व कपडे, तीन आणे. जिना उतरून चढणें, दोन आणे. स्वयंपाक, सहा आणे. आणि भेटीस आलेल्या पाहुण्यांशीं बोलणें, चार आणे! उरला एक. तो हिशेब वाचून मुलगा म्हणाला, "म्हणजे आई, माझ्या वांट्याला एकच आणा."

त्या रात्रीं घरांत खर्चाची फेरतपासणी झाली. न्हाणीघरांत स्टूल ठेवलें. बसून आंघोळ केली तर निम्मे श्रम वांचतात. भाजी निवडणें, कणीक मळणें बसून होऊं लागलें. वडिलांनीं भाकरी थापावयास शिकून घेतलें. पहिल्या आठवड्यांतील भाकऱ्यांच्या आकाराविषयीं न लिहिलेलें बरें. शेजारणींनीं वार वांटून घेतले व संध्याकाळची भाजी पाठविली. पाहुण्यांस सांगण्यांत आलें कीं, भेट रविवारीं चार ते पांच, आणि सर्दी-खोकला असेल तर मुळींच नको. कांहीं नातलग रुसले. रुसोत बापडे! अशा रीतीनें जे पांच-सहा आणे वांचले ते कोठें खर्चावयाचे हें त्या माउलीनें स्वतः ठरविलें. संध्याकाळीं दिवे लागल्यावर मुलानें कवितेचें पुस्तक घेऊन जवळ बसावें, त्यानें म्हणावें आणि तिनें ऐकावें. वार्षिक परीक्षेंत त्याचें पाठांतर वर्गांत सर्वांत चांगलें होतें, यांत माझ्या शिकविण्याचा भाग थोडा.

थकव्यावरील दुसरा उपाय ऐकावयास उलटा वाटेल : चालणें. घरची मंडळी मायेनें म्हणतात, "तूं हलूं नकोस, पडून राहा." परंतु नुसतें पडून राहिल्यानें स्नायु झिजतात, आणि झिजलेल्या स्नायूंस उठणेंही जड जातें, थकव्यानें थकवा वाढतो. झेपेल तेवढा रोजचा व्यायाम थकवा कमी करतो, असें अनेक देशांतील प्रयोगांत वारंवार आढळून आलें आहे, आणि आज यापेक्षां खात्रीचा दुसरा उपाय सांगतां येत नाहीं. त्या बाईंनीं प्रथम खोलीपासून ओटीपर्यंत पांच मिनिटें चालावयास आरंभ केला. आठवड्यानें दहा. पुढें मुलाचा हात धरून चर्चच्या फाटकापर्यंत. ताप असेल, चक्कर येत असेल, दम लागत असेल किंवा रक्त अतिशय उतरलें असेल त्या दिवशीं अर्थात् विश्रांति. दुपारची झोंप अर्ध्या तासाहून अधिक नसावी, नाहींतर रात्रीची उडते. कित्येकांस सोपीं योगासनें व श्वासाचे अभ्यास मानवतात.

या दिवसांत विसराळूपणाही येतो. दूध उतूं जातें, किल्ली सांपडत नाहीं, बोलतां बोलतां शब्द हरवतो. रोग्यास वाटतें, आपली बुद्धि गेली. तसें नसतें, बहुतेकांचें हें हळूहळू निवळतें. तोंवर खिशांत लहानशी वही ठेवावी, आणि घरच्यांनीं "आतांच तर सांगितलें!" हें वाक्य गिळावें.

ख्रिस्ताचा वधस्तंभ कांहीं अंतर वाहून नेणारा कुरेनेकर शिमोन मला या संदर्भांत नेहमीं आठवतो. त्यानें वेदना घेतली नाहीं, ती घेतां येत नाहीं; त्यानें फक्त ओझें घेतलें, आणि तेंही थोडा वेळ. विद्यार्थ्यास घरीं एवढेंच करतां येतें. पाणी भरावें, गोळ्यांची वेळ पाहावी, बाहेरून आल्याबरोबर साबणानें हात धुवावे, सर्दी झाली तर तोंडास मुसकें बांधावें. सुईनंतर दोन दिवस औषधाचा अंश मलमूत्रांतून व ओकारींतून बाहेर पडतो. त्या अवधींत शौचकूपाचें झांकण लावून दोनदां पाणी सोडावें, माखलेले कपडे हातमोजे घालून निराळे धुवावे. गर्भवती स्त्रीनें व मुलांनीं हें काम करूं नये. परंतु याचा अर्थ रोग्यास शिवूं नये असा कोणीं करूं नये. कर्करोग स्पर्शानें होत नाहीं, एका ताटांत जेवल्यानें होत नाहीं, कुशींत निजल्यानें होत नाहीं. अजून कांहीं घरांत रोग्याचें ताट-भांडें निराळें ठेवितात, असें ऐकून वाईट वाटतें. आईला मिठी खुशाल मारावी.

ज्यांस उपचारासाठीं मुंबईस जावें लागतें त्यांच्या माहितीसाठीं दोन शब्द. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून हें काम करीत आहे. त्याच्या शेजारील रस्त्यास ज्यांचें नांव आहे ते डॉक्टर अर्नेस्ट बोर्जेस हे तेथील नामांकित शस्त्रवैद्य होते. दूरच्या गांवांहून आलेल्या रोग्यांची व त्यांच्या सोबत्यांची सोय दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळेंत होते. उपचारार्थ प्रवास करणाऱ्या कर्करोगाच्या रोग्यास रेल्वेच्या भाड्यांत सवलत आहे. तिचा दाखला रुग्णालयांतून मागून घ्यावा. खर्चाविषयीं तेथील समाजसेवा विभागाशीं पहिल्याच दिवशीं बोलावें, पैसे संपल्यावर नव्हे.

शिक्षकबंधूंसही एक विनंति आहे, आणि ती मी प्रथम स्वतःस करतों. मूल बाकावर झोंपलें तर उभें करण्यापूर्वीं त्यास बाजूस घेऊन विचारावें. त्या मुलाची मीं पुढें वर्गासमक्ष क्षमा मागितली. त्याला तें अवघड वाटलें. त्यानें घाईघाईनें पुस्तक उघडलें.

सहा सुया पुऱ्या होऊन आतां कांहीं महिने लोटले आहेत. परवांच्या पालकसभेस त्या बाई आल्या होत्या. डोक्यावर बोटभर केस आले आहेत, पूर्वीं सरळ होते ते आतां कुरळे. थकवा मात्र अजून पुरता गेलेला नाहीं. उपचार संपल्यावरही तो कित्येकांस महिनेच्या महिने पुरतो, असें डॉक्टरांनीं सांगितलेंच होतें. सभा वरच्या मजल्यावर होती. अर्धा जिना चढून त्या वळणावर थांबल्या आणि कठड्यास हात लावून उभ्या राहिल्या. मागून येणारे पालक बाजूनें वर गेले. मुलगा त्यांची पिशवी घेऊन एक पायरी खालीं उभा होता. "चल" असें तो म्हणाला नाहीं. खिडकींतून मैदानावर हॉकीचा सामना चालला होता, तो पाहत राहिला. थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, "चल रे," आणि तीं दोघें वर गेलीं.